तुझा पासपोर्ट कुठे आहे?

२०२४ सालच्या भीमजयंतीचा आमचा कार्यक्रम डँडेनॉन्गमधील एका भाड्याच्या सभागृहात झाला. त्रिशरण-पंचशील झाले, मुलांची भाषणे झाली, जेवणे आटोपता आटोपता चार वाजत आले. साडेचारला सभागृह झाडून परत द्यायचे होते. त्या घाईत विशीतला एक मुलगा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात आइस्क्रीमचे पाच रिकामे डबे होते, स्वच्छ धुतलेले. "काकू, भात उरलाय का?" त्याने माझ्या पत्नीला विचारले. तिने डबे भरले आणि भरता भरता, आपल्या बायका करतात तशी, चौकशीही केली. गाव कोणते, शिकतोस काय, राहतोस कुठे, पाच डबे कशाला.

गाव परभणी जिल्ह्यातले. राहणे एका गृहस्थांच्या घराच्या गॅरेजमध्ये, आणखी चौघांबरोबर. हे गृहस्थ मी ओळखत होतो. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणत होतो. कारखान्यांना आणि भाजीच्या पॅकिंग शेडना रात्रपाळीचे मजूर पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय होता, आणि त्या दिवशीच्या भोजनाचा सर्व खर्च त्यांनीच उचलला होता. खजिनदार म्हणून पावती माझ्याच हातची होती.

परतताना गाडीत पत्नी म्हणाली, "पासपोर्ट दादांकडे असतो म्हणाला. यांचे पासपोर्ट दादांकडे कशाला?"

मी म्हणालो, "सांभाळायला दिले असतील. पोरंच ती, हरवतील कुठेतरी."

हे वाक्य मी बोललो. ते इथे लिहून ठेवल्याशिवाय पुढचे काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझे आजोबा बीड जिल्ह्यातील एका गावी येसकर होते. त्यांची घुंगूरकाठी आमच्या घरी आढ्याला टांगलेली मी लहानपणी पाहिली आहे. वतनाचा तुकडा नावापुरता आणि त्या बदल्यात गावाची, पाटील-कुलकर्ण्यांची, आल्यागेल्या अंमलदाराची चोवीस तासांची चाकरी. दिवसाची वेळ नाही, रात्रीची नाही, आजारपणाची सवलत नाही. माणूस नसेल तर त्याच्या बायकोने किंवा बापाने हजर व्हायचे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी या व्यवस्थेच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवले होते. महाराला बांधून ठेवणारी बेडी कोणती, तर त्याला स्वतःची वाटणारी ती जमीन. हे वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. आजोबा तोवर म्हातारे झाले होते, आणि काठी टाकून द्यायला शेवटपर्यंत तयार नव्हते. बेडीचा लळा लागतो हे मी घरात पाहिलेले आहे.

वतन गेले आणि उचल आली. माझे दोन चुलते दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच हातात उचल ठेवी, ती दवाखान्यात, लग्नात किंवा नुसत्या किराण्यात संपे, आणि मग हंगामभर टनामागे ती फेडायची. एक दिवस आजारी पडले की खाडा, खाड्याचा दंड वेगळा. हिशेब मुकादमाच्या वहीत. हंगाम संपल्यावर बहुधा बाकी निघे, आणि ती बाकी पुढल्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाई. चुलत्यांना कुणी साखळीने बांधले नव्हते. ते आपल्या पायांनी टोळीत जात, कोप्या घालून राहत आणि मुकादमाला 'भाऊ' म्हणत.

या दोन पिढ्यांचा नातू मी. लेखापालाचा धंदा करतो, दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरतो. आणि डँडेनॉन्गच्या सभागृहात मुकादम माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मी त्याला पावती फाडून दिली.

डँडेनॉन्ग ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मेलबर्नच्या मध्यापासून आग्नेयेला सुमारे तीस किलोमीटरवरचे हे गाव. इथला बाजार १८६६ पासून भरतो आहे. फॉस्टर स्ट्रीटवर साड्या, मिठाया आणि मसाल्यांची दुकाने, थॉमस स्ट्रीटवर अफगाणी नान आणि सुकामेवा. दीडशेहून अधिक देशांत जन्मलेली माणसे या नगरपालिकेच्या हद्दीत राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी, ट्रक आणि डबाबंद अन्नाचे मोठे कारखाने इथे आले आणि त्यांच्यामागोमाग युरोपातले निर्वासित. पुढे व्हिएतनामी, कंबोडियन, श्रीलंकन, अफगाण, सुदानी आणि आपण. दक्षिणेकडच्या औद्योगिक पट्ट्यात आजही रात्रभर दिवे जळतात. पलीकडे क्रॅनबोर्न आणि क्लाइडच्या बाजूला भाजीपाल्याची शेते. पहाटे चार वाजता तिथून परतणाऱ्या गाड्यांत कोण बसलेले असते, हे डँडेनॉन्गमध्ये सगळ्यांना माहीत असते आणि कुणी विचारत नाही.

तेथून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर माउंट वेव्हर्ली आहे. चांगल्या शाळांचे, हिरवळीचे, आपल्या मध्यमवर्गाचे आवडते उपनगर. तिथल्या एका घरात तामिळनाडूतून महिन्याच्या पर्यटक व्हिसावर आणलेली एक स्त्री २००७ ते २०१५ अशी आठ वर्षे राबली. स्वयंपाक, धुणी-भांडी, झाडलोट, तीन मुलांचे संगोपन. घरी परत जाऊ द्या म्हणाली तरी जाऊ दिले नाही. २०१५ च्या जुलैत ती घरात कोसळली. रुग्णवाहिका आली तेव्हा तिचे वजन चाळीस किलो होते आणि अंगाचे तापमान २८.५ अंशांवर उतरले होते. रुग्णालयात तिचे नाव खोटे सांगण्यात आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्यूरीने त्या दांपत्याला तिला गुलाम म्हणून ठेवल्याबद्दल दोषी ठरवले, आणि जुलैत पत्नीला आठ, तर पतीला सहा वर्षांची शिक्षा झाली. हे दांपत्यही तमिळ होते. तिची भाषा बोलणारे होते, आणि त्या परक्या देशात तिच्याशी बोलू शकणारी माणसे तिला दुसरी नव्हती.

हा खटला गाजला तेव्हा आमच्या घरीही त्यावर चर्चा झाली होती. मी अर्थातच हळहळलो होतो. आठ वर्षांत त्या घरी कुणी पाहुणा आला नसेल का, हा प्रश्नही मी मोठ्या आवाजात विचारला होता.

पुढे ऑगस्टमध्ये, कडाक्याच्या थंडीत, रात्री अकराच्या सुमारास पत्नीचा फोन वाजला. तो मुलगा होता. जयंतीच्या दिवशी तिने त्याला डब्याच्या झाकणावर आपला नंबर लिहून दिला होता. मला हे ठाऊक नव्हते. पॅकिंग यंत्रात त्याची दोन बोटे सापडली होती. दादांनी त्याला स्वतः रुग्णालयात नेले, मात्र वाटेत बजावले की घरी कांदा कापताना लागले असे सांगायचे. त्याने तसेच सांगितले. डॉक्टरणीने दोनदा विचारले, दोनदा त्याने कांदाच सांगितला. आता बँडेज बांधून तो गॅरेजमध्ये बसला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीला त्याला उभे राहायचे होते.

नंतरच्या काही आठवड्यांत हळूहळू सारा हिशेब उलगडला. तासाला बारा डॉलर, तेही रोख आणि कधी कधी दोन-दोन महिन्यांनी. त्या वर्षीच्या १ जुलैपासून देशातील किमान वेतन ताशी २४ डॉलर १० सेंट होते, आणि कॅज्युअल कामगाराला त्यावर आणखी पंचवीस टक्के. गॅरेजमधल्या गादीचे भाडे कापून घेतलेले, कामावर नेण्या-आणण्याचे गाडीभाडे कापून घेतलेले. पाचही जणांना स्वतःचा व्यावसायिक क्रमांक काढायला लावलेला, म्हणजे कागदोपत्री हे मजूर नव्हेतच, पाच स्वतंत्र उद्योजक! त्यामुळे पगारपत्रक नाही, अपघाताचा विमा नाही, निवृत्तिवेतनाचा भरणा नाही. पहिल्या सत्राची फी कमी पडली तेव्हा दादांनी उसने पैसे दिले होते. ते फिटत नव्हते. वही दादांकडे होती.

पळून का गेला नाहीस, असे मी त्याला विचारले नाही. एवढी अक्कल तोवर आली होती. पण त्याने आपण होऊन सांगितले. विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला ४८ तासांहून अधिक काम करता येत नाही. हे पाचही जण आठवड्यालाच साठ तास राबत. दादा कधी ओरडत नसत. एवढेच म्हणत, "तुमचे तास मी मोजत नाही, सरकार मोजतं. मी तुमच्यासाठी जोखीम घेतोय." गावाकडे बापाने दोन एकर गहाण टाकले होते. परत पाठवले तर कोणत्या तोंडाने जायचे?

हीच ती जागा, जिथे कायदा आणि माणूस एकमेकांना दिसत नाहीत. त्याच वर्षीच्या १ जुलैला कायदा बदलला होता. एखाद्याच्या व्हिसाची भीती घालून त्याला पिळणे हा आता ऑस्ट्रेलियात फौजदारी गुन्हा आहे. शोषणाची तक्रार करणाऱ्याला व्हिसा रद्द होण्यापासून काही अटींवर संरक्षण मिळते आणि दाद मागण्यासाठी थांबता यावे म्हणून अल्प मुदतीचा वेगळा व्हिसाही सुरू झाला. व्हिक्टोरियात तर २०१९ पासून मजूर पुरवणाऱ्या प्रत्येकाला परवाना सक्तीचा आहे. हे सारे अस्तित्वात होते. गॅरेजमध्ये मात्र फक्त दादांचा कायदा पोचला होता, कारण तो मराठीत होता.

या प्रकाराला गुलामगिरी म्हणावे का? वकीलबाईंनी आम्हांला सावध केले. ऑस्ट्रेलियाच्या दंडसंहितेत गुलामगिरी, दास्य, सक्तीचे श्रम, कर्जाची बांधिलकी, फसवून केलेली भरती, सक्तीचे लग्न असे वेगवेगळे गुन्हे आहेत, आणि नुसते वेतन बुडवणे त्यांत मोडत नाही. त्याचा कायदा वेगळा. २००८ साली येथील उच्च न्यायालयाने फिट्झरॉयमधील एका वेश्यागृहाच्या खटल्यात सांगितले की गुलाम ठरण्यासाठी कुलूपबंद असण्याची गरज नसते. माणसावर मालकी हक्कासारखी सत्ता चालवली जाते का, हे पाहायचे. त्या थाई स्त्रियांच्या डोक्यावर प्रत्येकी चाळीस हजारांहून अधिक डॉलरचे 'कर्ज' लिहिलेले होते. तेथवर हे प्रकरण जात नव्हते. पासपोर्ट, उसने पैसे आणि धमकी यांमुळे कर्जाच्या बांधिलकीकडे ते झुकत होते, इतकेच.

मला त्या वेळी आपल्या संविधानाचा अनुच्छेद २३ आठवला. मानवी व्यापार, बिगार आणि तत्सम सक्तीच्या श्रमांना त्यात मनाई आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदाचा आधार घेऊन म्हटले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हेच सक्तीचे श्रम होय, कारण उपाशी माणसाला दुसरा पर्याय नसतो आणि भूक हीदेखील सक्तीच. इतका खोल अर्थ जगातल्या फार थोड्या न्यायालयांनी लावला असेल. आणि ज्या महाराष्ट्रात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून लागू आहे, तेथे २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी लेकरे मेंढ्या राखायला पाठवलेली सापडली, बदल्यात आईबापांना मिळाली होती एखादी मेंढी आणि थोडे पैसे. त्यांतली एक मुलगी मेली, तेव्हा हे सारे बाहेर आले.

आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

फोन आला त्या रात्री मी ताबडतोब पोलिसांना बोलवायला निघालो होतो. मुलाने थांबवले. "काका, आम्ही पाच जण आहोत. एकाचा व्हिसा संपलाय. तुम्ही त्याला विचारलंय का?" मी विचारले नव्हते. सुटका करणारा मी, निर्णयही माझाच, असे मी गृहीत धरून चाललो होतो. त्याने चार दिवस मागितले. चार दिवसांत त्याने गॅरेजमध्ये प्रत्येकाशी वेगळे बोलून घेतले. तिघे तयार झाले, एक नाही झाला, आणि ज्याचा व्हिसा संपला होता त्याला प्रथम वकिलाला भेटवायचे ठरले. ही व्यूहरचना बोटांना टाके पडलेल्या बावीस वर्षांच्या मुलाची. आम्ही फक्त गाडी चालवली आणि वकिलांकडच्या मोफत दुभाष्याच्या फोनवर मराठी मागितली. वकिलांचे एक पत्र गेले आणि तिसऱ्या दिवशी पाचही पासपोर्ट एका किराणा पिशवीतून परत आले. मजुरीचा दावा अजून चालू आहे.

गोष्ट समितीपुढे आली. बैठकीत काय काय बोलले गेले ते मी इतिवृत्तात लिहिले नाही, इथे लिहितो. "आपलाच माणूस आहे, समजावून सांगू." "पोरांनीही तास जास्त केलेच ना?" "इथल्या इतर भारतीयांना कळलं तर आपल्याकडे बोट दाखवायला त्यांना निमित्त मिळेल." या शेवटच्या बोलण्यातली वेदना खोटी नाही. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोटच दाखवले गेले त्यांना घरातली गोष्ट झाकावीशी वाटणे मी समजू शकतो. पण झाकली मूठ कुणाची आणि तिच्यात गळा कुणाचा, हेही पाहायला हवे. एक ज्येष्ठ उपासक तेवढे म्हणाले की अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले आहेत त्यांत शस्त्र, मद्य, मांस आणि विषाबरोबर सत्तवणिज्जा, म्हणजे प्राण्यांचा, माणसांचा व्यापारही आहे. आपण मद्याबद्दल फार बोलतो, या दुसऱ्याबद्दल कधी बोललो? मला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला मालक आणि सेवक यांच्यासाठीचा विनय आठवला. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळेवर रजा द्यावी. आमच्याकडे त्या ग्रंथाचे सामूहिक वाचन दोनदा पूर्ण झाले आहे.

शेवटी ठरले की जयंतीच्या भोजनाची देणगी दादांना परत करायची. पैसे खर्च झाले होते, म्हणून वर्गणी काढायची. सर्वांना फार बरे वाटले. मुलगा दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्याला विचारायचे कुणाला सुचले नव्हते, पण तो उठला.

"ते पैसे त्याला परत कशाला देता? ते त्याचे नव्हते. आमच्या मजुरीतून कापलेले होते. जयंतीचं जेवण आम्ही पाच जणांनी घातलं."

खोली शांत झाली. पाच डबे घेऊन उरलेला भात मागायला आलेला मुलगा त्या दिवसाचा यजमान होता. आमच्यापैकी शिकलेल्या, नीतिमान, हळव्या अशा अकरा जणांना जे दिसले नाही ते त्याला दिसत होते, कारण हिशेबाच्या त्या बाजूला तो स्वतः उभा राहिलेला होता.

जयंतीच्या हिशेबातली ती नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली नवी नोंद केली, 'पाच कामगारांचे देणे बाकी', आणि वर्गणी त्या खात्यात जमा केली. ते पाच जण (जो आधी तयार नव्हता, तोही आता आला होता) एकत्र बसले आणि त्यांनी त्यातील थोडी रक्कम छपाईसाठी काढली.

छापायचे होते एक पत्रक. पहिला मसुदा माझा होता. शीर्षक 'आधुनिक गुलामगिरी: जाणून घ्या, आवाज उठवा'. खाली आकडे. २०२१ साली जगात सुमारे पाच कोटी माणसे या अवस्थेत होती असा अंदाज आहे, ऑस्ट्रेलियात एक्केचाळीस हजार. मुलाने वाचले आणि विचारले, "हे कुणी वाचायचं?" मग स्वतःच म्हणाला, "मी गॅरेजमध्ये असताना हे हातात पडलं असतं तर मी म्हणालो असतो, बिचारे लोक. मी स्वतःला गुलाम समजत नव्हतो काका. मी स्वतःला मेहनती समजत होतो."

त्याने शीर्षक खोडून लिहिले: 'तुझा पासपोर्ट कुठे आहे?' आणि त्याखाली आणखी प्रश्न. पगाराचा कागद मिळतो का? कामावर लागलं तर डॉक्टरला खरं सांगू शकतोस का? उसने घेतलेले पैसे किती फिटले, हे तुझ्या वहीत लिहिलंय की त्याच्या? घरी फोन करताना शेजारी कुणी उभं असतं का? हा शेवटचा प्रश्न त्याचा नव्हता. एका ताईंचा होता. त्या लग्न होऊन इथे आल्या होत्या, आणि पहिली तीन वर्षे त्यांना पाहुण्यांसमोर फक्त चहा घेऊन येण्याची परवानगी होती. आमच्या कार्यक्रमांना त्या पाच वर्षे येत होत्या. हे आम्हांला त्या कार्डाच्या निमित्ताने कळले.

कार्डाचा आकारही त्यानेच ठरवला. मोठे पत्रक खोलीवर नेता येत नाही, कुणी पाहिले तर विचारतो. फोनच्या कव्हरमागे बसेल एवढे हवे. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला नंबर. फेडरल पोलीस १३१ २३७, वेतनासाठी फेअर वर्क १३ १३ ९४, दुभाष्यासाठी १३१ ४५०. वर एकच ओळ: 'मराठी इंटरप्रिटर प्लीज' एवढे म्हणा. पोलिसांचा नंबर त्याने मुद्दाम शेवटी टाकायला लावला. भ्यालेला माणूस वरून वाचतो आणि पहिल्या ओळीतच घाबरतो, असे त्याचे म्हणणे.

सोसलेल्यांनीच पुढे व्हावे, हा विचार या देशात आता सरकारदरबारीही मानला जाऊ लागला आहे. फिजीहून १९८८ साली किशोरवयात आलेले मोए तुरागा व्हिक्टोरियाच्या शेतमळ्यांत राबले. मजुरी घरी पाठवतो असे नातेवाईक सांगत राहिला, आणि ती आईपर्यंत कधी पोचलीच नाही. याच तुरागांची साक्ष २०१७ च्या संसदीय चौकशीत झाली आणि पुढच्या वर्षी आधुनिक गुलामगिरीविषयीचा कायदा आला. साल्व्हेशन आर्मीने अशा भोगलेल्या व्यक्तींचे सल्लागार मंडळ उभे केले आहे, आणि डिसेंबर २०२४ पासून देशाला पहिला गुलामगिरीविरोधी आयुक्त मिळाला आहे. माझी एक शंका मात्र जात नाही. भोगलेल्याला व्यासपीठावर बसवून त्याची कहाणी ऐकायची, डोळे पुसायचे आणि निर्णय आपण घ्यायचे, हा प्रकार मी स्वतः करायला निघालो होतो. पुढल्या जयंतीला त्याने आपली कथा सांगावी अशी विनंती आम्ही केली. तो नाही म्हणाला. फोटोलाही नाही म्हणाला. "मला टेबल द्या," म्हणाला.

आपल्या परंपरेला हे नवे असू नये. थेरीगाथेत पुण्णिका थेरी आहे. कडाक्याच्या थंडीत पाणी भरणारी दासी, मालकिणीच्या शिक्षेच्या धाकाने नदीत उतरणारी. पाप धुण्यासाठी त्याच गार पाण्यात कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला तीच प्रश्न विचारते, की पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक-कासवे आधी स्वर्गात जातील. थंडीत पाण्यात का उतरावे लागते हे जिला माहीत होते तिलाच तो प्रश्न सुचला. आणि ती दासी कुणाच्या घरची? जेतवनाचे दान देणाऱ्या अनाथपिंडिकाच्या. त्याने तिला मुक्त केले, मग ती संघात आली. मोठ्या दात्याच्या घरीही दासी असू शकते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयात अडीच हजार वर्षांपासून लिहिलेली आहे आणि मी ती वाचलेलीही होती. १८५५ साली ज्ञानोदयात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती. फुल्यांच्या शाळेतली मुलगी. लेखणी तिच्या हातात होती, आणि जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिण्याला अजून अठरा वर्षे होती.

टेबल आम्ही दिले. २०२५ च्या जयंतीला सभागृहाच्या दाराशी नव्हे, तर आतल्या बाजूला, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर. ही जागाही त्यानेच निवडली. तिकडे माणूस एकटा जातो, सोबतच्या माणसाला कळत नाही. टेबलावर फलक नाही, बाबासाहेबांच्या पुस्तकांच्या शेजारी कार्डांची एक लहान चवड. दुपारी जेवणाच्या पंगती चालू असताना एक तरुण बाई तिकडून आल्या. कडेवर मूल होते. ते त्यांचे नव्हते, हे मला त्यांनी त्याला ज्या सावधपणे धरले होते त्यावरून वाटले, चुकतही असेन. मुलगा काही बोलला नाही, त्याने फक्त कार्डांची चवड जराशी पुढे सरकवली. त्यांनी एक कार्ड उचलले, वाचले, फोनच्या मागे सरकवले. दोन पावले जाऊन परत आल्या आणि आणखी एक उचलले.

दुसरे कुणासाठी, हे विचारायला मी पुढे होत होतो. त्याने मान हलवून मला जागेवर थांबवले.